दारापुढच्या मोरीतला ह्यूम पाईप गावोगावी पोचवणारे सोलापूरचे वालचंद शेठ

पावसाळा तोंडावर आला की अणदूरसारख्या गावात घरोघरी एकच विषय निघतो. अंगणात पाणी तुंबतं, काय करायचं? कुणी म्हणतं मुरूम टाका, कुणी म्हणतं कोबा करून घ्या. दारापुढच्या नालीवरून ट्रॅक्टर न्यायचा असेल, तर एक नाव हमखास निघतंच : ह्यूम पाईप.

हा ह्यूम म्हणजे वॉल्टर ह्यूम नावाचा ऑस्ट्रेलियन माणूस. साचा गरगर फिरवून त्यात काँक्रीटचा पाईप ओतायची युक्ती त्याने 1910 मध्ये काढली. पण त्याचं नाव आपल्या गावगाड्यात रुळलं, त्यामागे आहे अणदूरहून तासाभराच्या अंतरावर असलेल्या सोलापूरचा एक माणूस. वालचंद हिराचंद.

वालचंद म्हटलं की लोकांना जहाजं आठवतात, विमानं आठवतात, प्रीमियरची मोटार आठवते. पण त्यांचा खरा धंदा सुरू झाला तो माती, खडी आणि मोऱ्यांपासून. आणि तोही आत्ताच्या धाराशिव जिल्ह्यात.

23 नोव्हेंबर 1882 ला सोलापुरात दोशी घराण्यात त्यांचा जन्म झाला. गुजरातमधून येऊन सोलापुरात स्थिरावलेलं हे दिगंबर जैन कुटुंब. वडील हिराचंद नेमचंद गावातले प्रतिष्ठित गृहस्थ. सावकारी आणि व्यापार हा घरचा धंदा. पोरगा 1899 ला मॅट्रिक झाला, मुंबईला सेंट झेवियर्स आणि नंतर पुण्याला डेक्कन कॉलेजात जाऊन आला आणि शिक्षण अर्धवट टाकून घरच्या पेढीवर बसला.

पेढीवर काही त्याचं मन रमलं नाही.

तेव्हा त्याची गाठ पडली लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी. फाटक आधी रेल्वेत कारकून होते, आता ठेकेदारीत उतरले होते. त्यांच्याकडे कामाची माहिती होती, पैसा नव्हता. वालचंदांच्या घरात पैसा होता, कामाची माहिती शून्य. सावकाराच्या पोराने दुसऱ्याला व्याजाने पैसे द्यायचे सोडून स्वतः मातीत उतरायचं, हे त्या काळच्या व्यापारी घरात सहज पचणारं नव्हतं. ठेकेदारीत एक पाऊस, एक खचलेला भराव सगळा नफा खाऊन टाकतो. तरीही भागीदारी झाली. फाटक-वालचंद हे नाव पडलं. आज वालचंदांच्या नावाने गाव आहे, कॉलेज आहे, फाटकांचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही, हे जरा अन्यायाचंच.

पहिलं काम मिळालं बार्शी लाइट रेल्वेचं. येडशी ते तडवळे.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने आखलेली ही अडीच फुटी गेजची छोटी रेल्वे. गाडीच्या कुठल्याही आसावर 5 टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, या हिशोबावर ती बेतलेली होती. येडशी-तडवळ्याचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता.

आता रूळ टाकणं म्हणजे नेमकं काय काम? लोखंडी रूळ हा त्यातला दिसणारा भाग. खालची खरी लढाई पाण्याशी असते. आपल्याकडची काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. तिच्यावर काहीही थेट ठेवलं तर ते एका पावसाळ्यात हलतं. म्हणून मातीचा भराव घालायचा, चोपायचा, ओढ्या-नाल्यांना मोऱ्या ठेवायच्या आणि रुळाखाली फोडलेल्या काळ्या दगडाची खडी पसरायची. ही खडी गोल गोट्यांची चालत नाही. गोटे एकमेकांवरून घसरतात. फोडलेल्या खडीला धारदार कोपरे असतात, ते एकमेकांत अडकून बसतात आणि तरीही मधल्या पोकळीतून पाणी खाली निघून जातं. आजही आपल्या रेल्वेखाली साधारण 20 ते 65 मिलिमीटरची खडी असते, त्यामागे हेच कारण.

अंगणालाही हाच नियम लागू पडतो. पाणी जिरवायला किंवा वाहून न्यायला जो चर खणता, त्यात मुरूम किंवा कच भरली तर ती दाबून बसते आणि पाणी अडतं. तिथे धुतलेली 20 किंवा 40 एमएमची खडी लागते. बारीक माती आत शिरून पोकळ्या बुजवू नये म्हणून खडीभोवती जिओटेक्सटाईल कापड गुंडाळलं तर चर बरीच वर्षं टिकतो. मुरूम वाईट नाही, त्याची जागा वेगळी. तो चोपून घट्ट करायचा आणि त्याच्यावर काँक्रीट टाकायचं.

येडशीच्या कामानंतर फाटक-वालचंदांनी मागे पाहिलं नाही. रेल्वेची कामं वाढली, पहिल्या महायुद्धात लष्कराची कामं मिळाली. पुढे 1920 च्या सुमारास वालचंद टाटांबरोबर बांधकाम कंपनीत आले. मुंबई-पुणे लोहमार्गासाठी बोरघाटातले बोगदे आणि तानसा तलावातून मुंबईला पाणी आणणारे पाईप, ही त्या काळातली मोठी कामं. 1926 च्या जानेवारीत हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी सुरू झाली. कोयना धरण पुढे याच कंपनीने बांधलं, ते बघायला मात्र वालचंद राहिले नव्हते.

त्याच 1926 मध्ये, जुलैत, इंडियन ह्यूम पाईप कंपनी निघाली.

जहाजं आणि विमानांच्या गोष्टीत हा उद्योग झाकला जातो, पण वालचंदांची धंद्याची नजर इथे सगळ्यात स्वच्छ दिसते. शहरं वाढत होती, त्यांना पाणी आणि गटारं हवी होती. मोठा पाईप म्हणजे बिडाचा, महाग आणि बराचसा परदेशातून येणारा. काँक्रीटला मात्र खडी आणि वाळू इथलीच चालते. अडचण एकच, तो जड असतो. लांबून आणायचा तर वाहतुकीतच पैसे जातात. म्हणून एका जागी भला मोठा कारखाना काढण्यापेक्षा या कंपनीने देशभर ठिकठिकाणी कारखाने उघडले.

साचा वेगाने फिरतो तेव्हा काँक्रीट भिंतीवर दाबलं जातं, जास्तीचं पाणी बाहेर पडतं आणि पाईप दाट, मजबूत होतो. अंगणात काँक्रीट करताना साचा फिरवता येत नाही, पण पाणी कमी ठेवणं आपल्या हातात असतं. 50 किलोच्या एका गोणीला साधारण 25 लिटर पाणी पुरतं. गवंड्याला पातळ माल पसरायला सोपा जातो, म्हणून तो बादल्या ओततो आणि वर्षभरात कोबा भुकटी सोडतो. गाडी उभी राहणार असेल तर एक गोणी सिमेंट, त्याच्या दीडपट वाळू, तिप्पट खडी. वाळूऐवजी क्रश सँड चालते, फक्त त्यात भुकटी फार नको. ढाळ 10 फुटांना सव्वा इंच. आणि निदान सात दिवस पाणी मारायचं.

पाईप घेताना त्यावर लिहिलेलं बघायचं. एनपी-2 हलक्या वाहतुकीसाठी, एनपी-3 त्याहून जास्त भाराला. उसाचा ट्रॅक्टर दारावरून जाणार असेल तर एनपी-2 वर पैसे वाचवणं पुढे महागात पडतं.

वालचंदांचं पुढचं आयुष्य बऱ्याच जणांना ठाऊक आहे. 1919 मध्ये सहकाऱ्यांसोबत घेतलेली एसएस लॉयल्टी बोट आणि सिंधिया कंपनी, ब्रिटिश जहाज कंपन्यांशी वर्षानुवर्षं चाललेली झुंज, रावळगाव आणि वालचंदनगरचे साखर कारखाने, 1940 मध्ये बंगळुरूला विमानांचा कारखाना, 1941 मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणी, 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स. यातलं विमानांचं आणि जहाजबांधणीचं काम पुढे सरकारकडे गेलं. प्रीमियरची पद्मिनीही आता रस्त्यावर दिसत नाही.

1949 मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ते कामातून बाजूला झाले. शेवटच्या काळात पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची काळजी घेतली. 8 एप्रिल 1953 ला गुजरातमधल्या सिद्धपूरला त्यांचं निधन झालं. दोन वर्षांनी सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला त्यांचं नाव दिलं गेलं.

बार्शी लाइटची छोटी गाडीही गेली, कुर्डुवाडी-लातूर मार्ग आता ब्रॉडगेज आहे. इंडियन ह्यूम पाईप मात्र आजही चालू आहे. आणि कंपनी कुठलीही असली, तरी अणदूरच्या नालीवर टाकायचा सिमेंटचा पाईप दुकानात मागताना लोक ह्यूम पाईप म्हणूनच मागतात.