रिकाम्या हातांचा मास्तर

मुलीला कराटे शिकवावे, ज्यूदो शिकवावा की सरळ तालमीत पाठवावे, असा प्रश्न पुष्कळ आईबापांना पडतो. प्रश्न रास्त आहे, कारण त्यामागची भीती खरी आहे. मला त्याचे उत्तर एका शाळामास्तराच्या आयुष्यात सापडले. ओकिनावा बेटावरचे कराटे जपानच्या मुख्य भूमीवर रुजवणारे गिचिन फुनाकोशी ते हेच.

त्यांचा जन्म 1868 चा, शुरी गावातला. पोर इतके अशक्त, की जगेल याची खात्री नव्हती. आजोळी वाढले. शाळेतल्या मित्राचे वडील आझातो हे कराटेचे जाणकार. त्या काळी ही विद्या लपूनछपून शिकवत. फुनाकोशी रात्री कंदील घेऊन त्यांच्या घरी जायचे आणि अंगणात एकच काता महिनोन् महिने घोटायचे. काता म्हणजे काल्पनिक प्रतिस्पर्ध्याशी ठरीव क्रमाने, एकट्यानेच केलेले बचाव आणि प्रहार. तेक्की नावाच्या तीन कातांवर त्यांची दहा वर्षे गेली.

त्यांना खरे तर डॉक्टर व्हायचे होते. पण डोक्यावर जुन्या चालीचा बुचडा असलेल्या मुलांना वैद्यकीय शाळेत प्रवेश नव्हता आणि घरच्यांना तो कापणे म्हणजे कुळाचा अपमान वाटे. डॉक्टरकी राहिली. 1888 साली ते शाळेत साहाय्यक शिक्षक झाले आणि शिक्षक व्हायचे म्हणून बुचडा अखेर कापावाच लागला!

उतारवयात लिहिलेल्या आत्मचरित्रात त्यांनी एक प्रसंग सांगितला आहे. पूर्वजांच्या देवघरात ठेवायची मिठाई घेऊन ते रात्री निघाले होते. वाटेत दोघा लुटारूंनी अडवले. फुनाकोशी लढू शकत होते, पण त्यांनी मिठाई देऊन टाकली आणि वाट धरली. ही हकीकत ऐकून गुरू आझातो रागावले नाहीत. शिष्याला कराटे कळू लागले, असे त्यांना वाटले.

मी आयुष्यभर बँकेत काम केले आहे, म्हणून हा प्रसंग मला नवा वाटला नाही. रोकड सांभाळणाऱ्या माणसाला आधी हेच सांगतात, की पैशाचा विमा असतो, जिवाचा हिशेब जमेला धरता येत नाही.

1922 साली शिक्षण खात्याच्या प्रदर्शनासाठी फुनाकोशी टोकियोला गेले. वय 53. ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांनी त्यांना आपल्या कोदोकानमध्ये प्रात्यक्षिकासाठी बोलावले. दोन विद्यांची तुलना करायला याहून चांगली जागा नाही. कानोंनी जुन्या जुजुत्सूतले घातक डाव सरावातून बाजूला काढले. त्यामुळे ज्यूदोचा खेळाडू रोज खऱ्या माणसाशी पूर्ण जोर लावून झुंजतो. पकड कशी सोडवायची, पडायचे कसे, हे त्याच्या अंगात मुरते. आपल्या कुस्तीचेही बळ तेच. पण समोर दोघेतिघे असले तर एकाला धरून बसणे धोक्याचे. कराटे अंतर राखायला, वार अडवून चटकन निसटायला शिकवते. उणीव अशी, की ठोसा अंगाला लागण्याआधी थांबवायचा असतो, त्यामुळे त्याची खरी परीक्षा होतच नाही. तरुण शिष्यांना ही चुटपुट होती आणि ते सामने खेळू लागले. मास्तरांना ते रुचले नाही. इथे शिष्यांचेही थोडे खरे होते, असे मला वाटते.

गाव सोडून आलेला हा मास्तर ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहिला. दिवसा झाडलोट, बागकाम, पहारा आणि उरल्या वेळात शिकवणी. ज्यूदोसारखा पांढरा पोशाख आणि पट्टे त्यांनी कराटेत आणले. ‘चिनी हात’ या अर्थाचे जुने चिन्ह बदलून ‘रिकामा हात’ हे चिन्ह रूढ केले. पुढे शिष्यांनी शोतोकान ही शाळा बांधली. 1945 च्या बॉम्बहल्ल्यात ती जळाली, त्याच वर्षी मुलगा गिगो क्षयाने गेला आणि 1947 साली पत्नी.

वयाच्या ऐंशीच्या आसपास, युद्धानंतरच्या उपासमारीच्या दिवसांत, रात्री एका चोराने त्यांच्यावर हल्ला केला. म्हाताऱ्याने वाकून वार चुकवला आणि चोराला नाजूक जागी धरून ठेवले, पोलीस येईपर्यंत. ना ठोसा, ना लाथ! पुढे त्यांना याचीही खंत वाटली, कारण तो बहुधा आघाडीवरून परतलेला बेकार शिपाई असावा.

तेव्हा आईबापांना माझे सांगणे इतकेच. मुलीला जवळच्या चांगल्या गुरूकडे घाला. वर्ष-दोन वर्षे पकड सोडवायला आणि पडायला शिकू द्या, मग प्रहार. आणि जो गुरू पळून जाणे, ओरडणे, पर्स टाकून देणे यांना हार म्हणतो, त्याच्याकडे पाठवू नका.

फुनाकोशी 26 एप्रिल 1957 रोजी वारले. त्यांच्या शिष्यांच्या संघटनेने पहिली मोठी स्पर्धा भरवली ती त्याच वर्षी, त्यांच्या पश्चात.