नोबेल विजेत्या रामन यांच्या दारात सत्याग्रह करणाऱ्या कमला सोहोनींनी डाळ-उसळीची बायोकेमिस्ट्री शिकवली

कऱ्हाडचं १९७५ चं साहित्य संमेलन म्हटलं की दुर्गा भागवत आठवतात. देशात आणीबाणी होती आणि संमेलनाध्यक्ष असलेल्या दुर्गाबाईंनी सरकारविरोधात ठाम भूमिका घेतली. मोठमोठी माणसं गप्प बसली होती, तेव्हा ही बाई बोलली.

पण भागवतांच्या घरात असं ताठ मानेनं उभं राहणाऱ्या त्या एकट्याच नव्हत्या. चाळीस वर्षं आधी त्यांची धाकटी बहीण बंगळुरूत एका नोबेल विजेत्याच्या ऑफिसबाहेर ठाण मांडून बसली होती.

त्या म्हणजे कमला भागवत, लग्नानंतरच्या डॉ. कमला सोहोनी.

भागवत बहिणींचा जन्म इंदूरचा. कमलाबाईंचे वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्र शिकलेले, तेही बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये. आज तीच संस्था इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स म्हणून ओळखली जाते. त्यामुळे पदवी झाली की आपणही तिथंच जाऊन संशोधन करायचं, हे कमलाबाईंच्या डोक्यात पक्कं होतं.

१९३३ साली मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र घेऊन त्या बीएस्सी झाल्या. विद्यापीठात पहिल्या आल्या होत्या, म्हणजे गुणवत्तेचा प्रश्नच नव्हता. त्यांनी अर्ज पाठवला आणि तिकडून नकार आला.

तेव्हा संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. नोबेल मिळून तीनच वर्षं झाली होती. नकाराचं कारण एकच, अर्ज करणारी मुलगी आहे. वडिलांनी आणि काकांनी विनंती करून पाहिली, पण रामन ऐकेनात.

मग कमलाबाई स्वतःच बंगळुरूला गेल्या. हा काळ गांधीजींच्या सत्याग्रहाचा होता. त्यांनी रामन यांच्या ऑफिसबाहेर सत्याग्रह केला आणि मुलींना प्रवेश का नाही, याचं कारण मागितलं.

शेवटी रामन तयार झाले, पण अटी घालून. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरलं जाणार नाही. गाईड सांगतील तेव्हा, अगदी रात्रीसुद्धा काम करावं लागेल. आणि लॅबमधलं वातावरण बिघडवायचं नाही, म्हणजे मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये.

कमलाबाईंनी अटी मान्य केल्या. पण हा अपमान त्या कधीच विसरल्या नाहीत. रामन शास्त्रज्ञ म्हणून कितीही मोठे असले तरी बाईच्या बाबतीत त्यांचं मन लहान होतं, हे त्यांनी उतारवयातही जाहीरपणे सांगितलं.

गाईड मिळाले श्रीनिवासय्या. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध आणि कडधान्यांमधल्या प्रथिनांवर काम सुरू केलं. वर्षभरात त्यांचं काम बघून रामन यांचं मत बदललं आणि संस्थेची दारं मुलींसाठी उघडली. १९३६ साली कमलाबाई एमएस्सी झाल्या.

मग आलं केंब्रिज

बायोकेमिस्ट्रीसाठी तेव्हा केंब्रिजचा दबदबा होता. व्हिटॅमिनवरच्या कामासाठी नोबेल मिळालेले सर फ्रेडरिक हॉपकिन्स तिथं विभागप्रमुख होते. कमलाबाईंनी आधी डेरेक रिश्टर आणि मग रॉबिन हिल यांच्यासोबत काम केलं.

हिल वनस्पतींवर काम करत होते. कमलाबाईंनी बटाटा घेतला आणि त्याच्या पेशींमध्ये सायटोक्रोम सी हे प्रथिन असल्याचं दाखवलं.

आता हे सायटोक्रोम सी म्हणजे काय? पेशी अन्नातून ऊर्जा काढते तेव्हा इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे द्यावे लागतात. त्या साखळीतला हा एक हमाल. माणूस, मासा, यीस्ट, सगळ्यांच्या पेशीत तो असतो. झाडाच्या पेशीतही तोच निघाला, याचा अर्थ ऊर्जा काढायची मूळ पद्धत प्राणी आणि वनस्पतींत सारखी आहे.

यावरचा त्यांचा प्रबंध जेमतेम ४० पानांचा होता. १९३९ साली त्यांना पीएचडी मिळाली. केंब्रिजमधून विज्ञानात पीएचडी करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला.

परत येऊन शिकवायला लागल्या

परदेशात राहायची संधी होती, पण त्याच वर्षी त्या भारतात आल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात बायोकेमिस्ट्री विभागाच्या प्रमुख झाल्या. तिथून तमिळनाडूतल्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहाय्यक संचालक म्हणून गेल्या. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच, कुन्नूरहून तिकडे हललेली.

१९४७ साली मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न झालं आणि त्या मुंबईला आल्या. इथल्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये बायोकेमिस्ट्रीचा विभाग नव्यानं सुरू झाला होता. कमलाबाई तिथं प्राध्यापक झाल्या.

बायोकेमिस्ट्री हा विषय विद्यार्थ्यांना घाबरवतो. लांबलचक नावं, साखळ्या, चक्रं. कमलाबाईंनी विद्यार्थ्यांना संशोधनासाठी विषय दिले ते गरिबाच्या ताटातले. कडधान्यं, भाताचं पीठ, नीरा.

यातलं कडधान्यांचं काम समजून घेण्यासारखं आहे. आपण प्रथिनं खाल्ली की आतड्यात ट्रिप्सिन नावाचं एन्झाइम ती तोडतं. पण वाल, पावटा, डबल बीन यांसारख्या कडधान्यांत असे घटक असतात जे ट्रिप्सिनला चिकटतात आणि त्याचं कामच थांबवतात. म्हणजे ताटात प्रथिन आहे, पण अंगी लागत नाही. कमलाबाईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९५० च्या दशकात भारतीय अन्नातले हे घटक तपासले. ते उष्णतेनं बऱ्याच प्रमाणात निकामी होतात. वाल नीट शिजवूनच खायचे, या घरातल्या नियमामागे हेही एक कारण आहे.

याचा मासेपालनाशीही संबंध आहे. मराठवाड्यात सोयाबीन प्रचंड पिकतं. तेल काढल्यावर उरलेली पेंड कोंबड्यांच्या आणि माशांच्या खाद्यात जाते, आणि सोयाबीनमध्येही ट्रिप्सिनला अडवणारे हेच घटक असतात. रोहू, कटला, मृगळ या माशांना तर जठरच नसतं. पोटात प्रथिन तोडणारं पेप्सिन नाही, सगळा भार ट्रिप्सिनवर. सोयाबीन नीट भाजलं-शिजवलं नसेल तर मासा खातो पण वाढत नाही आणि शेततळ्यावर केलेला खर्च वाया जातो.

कमलाबाईंनी माशांवर काम केलं नव्हतं. पण उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात शिकणाऱ्या किंवा छत्रपती संभाजीनगरजवळ शेततळ्यात मासे पाळू बघणाऱ्या पोराला बायोकेमिस्ट्री कशाला शिकायची, असा प्रश्न पडला तर त्याचं उत्तर या धड्यात आहे.

नीरा आणि राष्ट्रपती

राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. नीरा म्हणजे झाडातून निघणारा, अजून न आंबलेला गोड रस. आंबला की त्याची ताडी होते. ताज्या नीरेत व्हिटॅमिन सी आणि लोह असल्याचं त्यांनी दाखवलं. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायकांना ती दिल्यावर तब्येतीत सुधारणा दिसली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध प्रकल्पालाही त्या सल्ला देत होत्या.

एवढं करूनही इन्स्टिट्यूटचं संचालकपद त्यांना चार वर्षं उशिरा मिळालं. आड आलं ते अंतर्गत राजकारण. बंगळुरूच्या दारात जे झालं त्याचीच ही दुसरी आवृत्ती. पण याही वेळी त्या हटल्या नाहीत. १९६९ साली त्या निवृत्त झाल्या.

निवृत्तीनंतर त्यांनी कंझ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडियाच्या कामात लक्ष घातलं. भेसळ कशी ओळखायची, वस्तू घेताना काय बघायचं, यावर त्या संस्थेच्या मासिकात लिहीत राहिल्या. १९८२-८३ मध्ये अध्यक्षही झाल्या. लॅबमधलं ज्ञान वाण्याच्या दुकानापर्यंत न्यायचं काम त्यांनी केलं.

१९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि काही दिवसांत, जूनमध्ये, गेल्या.

१८ जून २०२३ ला गुगलनं त्यांचं डूडल केलं, तेव्हा अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. दुर्गाबाई महाराष्ट्राच्या लक्षात राहिल्या, कमलाबाई फारशा राहिल्या नाहीत. पण त्यांनी उघडायला लावलेल्या दारातून त्यांच्यानंतर किती मुली लॅबमध्ये गेल्या, त्याला मोजदाद नाही.