रॉबर्ट शूमान : ऐकेनासे झालेले बोट

पियानो, कीबोर्ड किंवा हार्मोनियम वाजवणाऱ्याचे एखादे बोट नीट चालेनासे झाले, की पहिला विचार बहुतेक वेळा एकच असतो : सराव कमी पडतोय. मग सराव वाढतो, बोटे ताणली जातात आणि त्रासही वाढतो. जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमान यांच्या बाबतीत जवळपास दोनशे वर्षांपूर्वी हेच घडले. त्यांची गोष्ट आजच्या वादकांनी आणि त्यांच्या घरच्यांनी माहीत करून घेण्यासारखी आहे.

वकिली सोडून पियानो

शूमान यांचा जन्म ८ जून १८१० रोजी सॅक्सनी प्रांतातील त्स्विकाउ या गावी झाला. वडील पुस्तक विक्रेते आणि प्रकाशक होते. ते १८२६ मध्ये वारले. मुलाने वकील व्हावे अशी आईची इच्छा होती, म्हणून १८२८ मध्ये शूमान कायद्याच्या शिक्षणासाठी लाइपझिगला गेले. मन मात्र पियानोत होते. १८३० मध्ये त्यांनी फ्रँकफर्टला व्हायोलिनवादक पागानिनी यांचे वादन ऐकले आणि त्याच वर्षी कायदा सोडून दिला. लाइपझिगचे नावाजलेले पियानो शिक्षक फ्रीडरिश वीक यांनी, नेटाने मेहनत केली तर तीन वर्षांत हा मुलगा मोठा वादक होईल, असा भरवसा आईला दिला होता. शूमान वीक यांच्या घरीच राहायला गेले.

तेव्हा ते वीस वर्षांचे होते. पट्टीचे वादक लहानपणापासून कडक शिस्तीत तयार झालेले असत. वीक यांची मुलगी क्लारा अवघी अकरा वर्षांची होती आणि मैफलीत वाजवत होती. मागे पडलेली वर्षे भरून काढायची घाई शूमान यांना होती, आणि तीच त्यांना भोवली असावी.

बिघाड आणि उपाय

लवकरच त्यांच्या उजव्या हाताचे मधले बोट हुकमात राहीनासे झाले. त्यांनी ते बळकट करण्यासाठी एक यांत्रिक साधन वापरले. त्याला ते सिगार-यंत्र म्हणत. बोटांच्या व्यायामाची अशी साधने त्या काळी प्रचारात होती. १८३२ पर्यंत ते बोट ताठर झाल्याची नोंद त्यांनी डायरीत केली.

मग उपचार सुरू झाले : दारूत भिजवलेल्या पट्ट्या, वनस्पतींचे लेप, विजेचा प्रयोग, होमिओपॅथी. नुकत्याच कापलेल्या जनावराच्या आतड्यांत हात बुडवून बसण्याचा, आज अंगावर काटा आणणारा उपायही त्यांनी केला. गुण कशानेच आला नाही. वादक होण्याचे स्वप्न बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी संपले. पुढे लाइपझिगच्या नागरी रक्षक दलातून सूट मिळवण्यासाठी त्यांना याच हाताबद्दल डॉक्टरांचा दाखला घ्यावा लागला.

नेमके काय झाले असावे?

इतक्या वर्षांनी खात्रीचे निदान करता येत नाही. काहींच्या मते हाताच्या एका नसेवर दाब आला असावा. आज अनेक तज्ज्ञ मात्र फोकल डिस्टोनियाकडे बोट दाखवतात. या आजारात स्नायू किंवा सांध्याला इजा झालेली नसते. तीच हालचाल हजारो वेळा केल्यावर मेंदूतील बोटांच्या नियंत्रणात गोंधळ होतो. वाजवायला बसले की बोट आपोआप आत वळते किंवा ताठ होते, पण जेवताना, लिहिताना तोच हात बऱ्याचदा व्यवस्थित चालतो. विशेष म्हणजे बहुधा दुखत नाही. त्यामुळे आजार आहे हे लक्षात येत नाही आणि माणूस आणखी सराव करत राहतो.

आणखी एक गोष्ट. बोटे उचलणाऱ्या स्नायूबंधांमध्ये हाताच्या पाठीवर नैसर्गिक जोड असतात. म्हणून मधले बोट आणि अनामिका पूर्णपणे स्वतंत्र उचलता येत नाहीत. ही शरीराची रचनाच आहे. कोणतेही यंत्र किंवा ताण ती बदलू शकत नाही.

हाताविना पुढे

शूमान यांनी संगीत सोडले नाही. १८३४ मध्ये त्यांनी लाइपझिगमध्ये संगीताचे नियतकालिक सुरू केले आणि सगळा जीव रचना करण्यात ओतला. १८४० मध्ये, वीक यांच्याशी कोर्टात झगडून, त्यांनी क्लाराशी लग्न केले. त्यांचा पियानो कन्चेर्टो १८४५ मध्ये ड्रेस्डेन येथे क्लारानेच वाजवला. शेवटची वर्षे गंभीर मानसिक आजारात गेली आणि २९ जुलै १८५६ रोजी बॉनजवळच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

क्लाराबाईंनाही १८७०च्या दशकात हातदुखीने ग्रासले आणि मैफली थांबवाव्या लागल्या. त्यांनी विश्रांती आणि उपचार घेतले, त्या पुन्हा मंचावर आल्या आणि पुढे अनेक वर्षे वाजवत राहिल्या. दोघांचे आजार वेगळे असावेत, त्यामुळे थेट तुलना करता येणार नाही. पण वेळेवर थांबणे म्हणजे वादन कायमचे सोडणे नव्हे, एवढे त्यातून नक्की कळते.

तुम्ही काय करावे?

- सुरुवात संथ वाजवून करा. हात गार असतील तर आधी कोमट पाण्यात धरा.
- दर २५-३० मिनिटांनी पाच मिनिटे थांबा. परीक्षा किंवा कार्यक्रम जवळ आला म्हणून सरावाचे तास एकदम वाढवू नका.
- कोपर सरळ ठेवून दुसऱ्या हाताने मनगट हळूच खाली, मग वर वाकवा. प्रत्येक वेळी १५-२० सेकंद धरा. हलका ताण जाणवावा, दुखू नये.
- ताण देताना मुंग्या आल्या तर लगेच सोडा. चिडलेली नस ताणून धरल्याने त्रास वाढतो.
- बोटे बांधणारी, ओढणारी साधने स्वतःच्या मनाने वापरू नका.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

- अंगठा, तर्जनी, मधले बोट यांत मुंग्या येऊन रात्री जाग येत असेल. मनगटात नस दबल्याची ही खूण असू शकते. मधुमेह, थायरॉइडचा आजार किंवा गरोदरपणात हे जास्त आढळते.
- करंगळी आणि अनामिकेत बधिरपणा असेल. अशा वेळी कोपराजवळची नस तपासावी लागते.
- हातातून वस्तू निसटत असतील किंवा अंगठ्याखालचा उंचवटा सपाट होत असेल.
- वाजवतानाच एखादे बोट आपोआप वळत असेल, मग दुखत नसले तरीही. अशा वेळी मेंदू व मज्जासंस्थेच्या तज्ज्ञांचा सल्ला घ्या.
- हात अचानक लुळा पडला, बोलणे अडखळले, किंवा हातदुखीसोबत छातीत दुखून घाम आला तर वाट पाहू नका, तातडीने रुग्णालय गाठा.

फोकल डिस्टोनियासाठी आज बोटांचे पुनर्प्रशिक्षण, औषधे आणि बोटुलिनमची इंजेक्शने असे उपाय आहेत. सगळेच पूर्ण बरे होत नाहीत, पण अनेकांना फरक पडतो. शूमान यांच्या वेळी यातले काहीच नव्हते. बोट ऐकत नसेल तर त्याला आणखी राबवण्याआधी दाखवून घ्या.