स्वस्त घराचा पुरता हिशेब

अमेरिकन शहरे आजूबाजूच्या शेतांवर मैलोगणती का पसरली, या प्रश्नाचे उत्तर एका माणसाच्या चरित्रात शोधायचे झाल्यास विल्यम लेव्हिट यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. १९०७ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन विभागात एका ज्यू कुटुंबात ते जन्मले. विद्यापीठाचे शिक्षण अर्धवट सोडून त्यांनी वकील वडील आणि धाकटे बंधू आल्फ्रेड यांच्यासह १९२९ मध्ये घरबांधणीचा व्यवसाय आरंभिला. आल्फ्रेड आराखडे करीत. पैसा आणि विक्री विल्यम पाहत.

युद्धकाळात नॉरफोक येथे संरक्षण-कामगारांसाठी झपाट्याने घरे बांधताना त्यांना एका नव्या पद्धतीची वाट सापडली. युद्ध संपून लक्षावधी सैनिक परतले, तेव्हा त्यांना राहण्यास घरे नव्हती. लेव्हिट यांनी १९४७ मध्ये लाँग आयलंडवरील बटाट्याच्या शेतांत काम सुरू केले. मोटारीच्या कारखान्यात गाडी कामगारांपुढून सरकते. येथे घर जागीच राही आणि कामगारांच्या टोळ्या एका घराकडून दुसऱ्याकडे जात. बांधकामाचे २७ टप्पे पाडलेले होते. दिवसाला ३० घरे पुरी होऊ लागली आणि १९५१ पर्यंत १७,४४७ घरांचे लेव्हिटटाउन उभे राहिले. ६० फूट बाय १०० फुटांच्या भूखंडावरील घराची किंमत १९४९ साली ७,९९० डॉलर होती.

या यशाचे श्रेय केवळ उद्योजकाच्या कर्तृत्वाला देणे मात्र अर्थशास्त्राला धरून होणार नाही. १९३४ साली स्थापन झालेले संघीय गृहनिर्माण प्रशासन गहाणकर्जांना विमा देत होते. १९४४ च्या कायद्याने माजी सैनिकांच्या कर्जाला सरकारी हमी मिळाली. त्यामुळे हाती रोकड नसलेला सैनिकही घरमालक होऊ शकला. त्याच प्रशासनाने शहरांतील जुन्या, दाट आणि विशेषतः कृष्णवर्णीयांच्या वस्त्या मात्र धोक्याच्या ठरविल्या. पुढे १९५६ च्या कायद्यानुसार आंतरराज्य महामार्गांचा ९० टक्के खर्च केंद्र सरकारने उचलला. विरळ वस्ती ही लोकांची निवड होती हे खरे. परंतु तराजूच्या एका पारड्यात सरकारी तिजोरीचे वजन पडलेले होते.

ही निवड सर्वांना खुलीही नव्हती. लेव्हिट यांच्या आरंभीच्या करारांत गौरेतरांना मज्जाव करणारे कलम होते. अशी बंधने न्यायालयांना अंमलात आणता येणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला. नंतर कलम गेले, प्रघात राहिला. गोरे ग्राहक निघून जातील, ही धंद्याची सबब लेव्हिट पुढे करीत. १९५७ मध्ये त्यांच्या पेनसिल्व्हेनियातील वसाहतीत एका कृष्णवर्णीय कुटुंबाने पहिल्या मालकाकडून घर विकत घेतले, तेव्हा जमावाने दगडफेक केली. न्यू जर्सीतील वसाहतीचे दार १९६० मध्ये न्यायालयीन लढ्यानंतरच उघडले. देशव्यापी बंदीचा कायदा १९६८ साली आला. तोवर पहिल्या खरेदीदारांच्या घरांच्या किमती चढल्या होत्या. एका पिढीने मालमत्ता जमविली, दुसरी भाडे भरीत राहिली. वारशाने ही तफावत पुढे चालली आहे.

१९६८ मध्येच लेव्हिट यांनी आपली कंपनी सुमारे ९२ दशलक्ष डॉलरच्या समभागांच्या मोबदल्यात विकली. समभाग कोसळले, पुढचे उद्योग बुडाले आणि १९९४ मध्ये, ज्या रुग्णालयाला त्यांनी पूर्वी देणग्या दिल्या होत्या तेथेच त्यांचे निधन झाले.

एका भूखंडावर एकच घर, हा नियम अनेक अमेरिकन शहरांत आजही कायद्याने टिकून आहे आणि घरटंचाईत भर घालतो आहे. मिनिआपोलिसने २०१८ मध्ये तो मोडण्याचा निर्णय घेतला. २०१९ मध्ये ओरेगन राज्याने तोच मार्ग धरला. विरोध होतो तो बहुधा प्रस्थापित घरमालकांकडून, कारण टंचाईतच त्यांच्या मालमत्तेचे मोल आहे. लेव्हिट यांनी सामान्य माणसाला घर दिले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या घराची किंमत मांडताना रस्ते, सरकारी हमी आणि दाराबाहेर ठेवलेली माणसे हिशेबात धरली नाहीत, तर तो हिशेब अपुराच राहील.