संत व्हॅलेंटाईन

संत व्हॅलेंटाईन (लॅटिन: व्हॅलेंटिनस) हे इ.स.च्या तिसऱ्या शतकातील रोमन ख्रिस्ती हुतात्मा मानले जातात. १४ फेब्रुवारी हा त्यांचा स्मृतिदिन 'व्हॅलेंटाईन डे' म्हणून जगभर साजरा होतो. मात्र त्यांच्या सर्वांत जुन्या चरित्रकथांमध्ये प्रेमी युगुलांचा कोठेही उल्लेख नाही.

चरित्रकथा

या नावाच्या दोन हुतात्म्यांच्या कथा प्रचलित आहेत. पहिल्या कथेतील व्हॅलेंटाईन हे रोममधील धर्मगुरू होत. सम्राट क्लॉडियसच्या काळात त्यांना अटक करून ॲस्टेरियस नावाच्या अधिकाऱ्याच्या घरी ठेवण्यात आले. त्यांनी त्याच्या अंध मुलीला दृष्टी मिळवून दिली, तेव्हा ॲस्टेरियसने कुटुंबासह बाप्तिस्मा घेतला. पुढे व्हॅलेंटाईन यांचा शिरच्छेद करण्यात आला. दुसऱ्या कथेतील व्हॅलेंटाईन हे इंटराम्ना, म्हणजे इटलीतील आजच्या तेर्नी शहराचे बिशप होत. क्रेटन या विद्वानाच्या आजारी मुलाला बरे करण्यासाठी ते रोमला गेले आणि तेथेच मारले गेले. दोघांच्याही समाध्या रोमहून उत्तरेकडे जाणाऱ्या फ्लामिनिया मार्गावर सांगितल्या जातात. त्यामुळे या कथा एकाच व्यक्तीच्या असाव्यात, असे अनेक अभ्यासकांना वाटते.

दोन्ही कथा घटनेनंतर दीर्घ काळाने लिहिल्या गेल्या. त्या मानाने समाधीस्थळाचा पुरावा अधिक भक्कम आहे. पोप ज्युलियस पहिले (कार्यकाळ ३३७–३५२) यांनी फ्लामिनिया मार्गावर बांधलेले चर्च व्हॅलेंटाईन यांच्या नावाने ओळखले जात होते, अशी नोंद चौथ्या शतकातच आढळते.

प्रेमाशी संबंध

क्लॉडियसने सैनिकांना विवाहबंदी केली आणि व्हॅलेंटाईन यांनी त्यांची गुप्तपणे लग्ने लावली, ही आज सर्वाधिक सांगितली जाणारी कथा जुन्या ग्रंथांत नाही. अशा बंदीचा समकालीन पुरावाही नाही. तुरुंगातून एका मुलीला पाठवलेल्या पत्राची गोष्टही अशीच मागाहून जोडलेली आहे. लुपरकेलिया या रोमन उत्सवाच्या जागी चर्चने हा दिवस आणला, हे विधान तर वृत्तपत्रे दरवर्षी छापतात. त्यालाही आधार नाही.

पक्षी व्हॅलेंटाईनच्या दिवशी जोडीदार निवडतात, ही कल्पना चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज कवी जेफ्री चॉसर यांच्या 'पार्लमेंट ऑफ फाउल्स' या काव्यात येते. त्यापूर्वी या संताचा प्रेमाशी संबंध जोडल्याचा पुरावा सापडत नाही, असे जॅक ओरुच यांनी १९८१ साली दाखवून दिले. दरबारी कवींकडून ही प्रथा घरोघरी पोहोचली. १४७७ साली मार्जरी ब्रूज या तरुणीने आपला वाग्दत्त वर जॉन पास्टन याला 'व्हॅलेंटाईन' असे संबोधून लिहिलेले पत्र आजही जतन केलेले आहे. त्या वेळी हुंड्याच्या रकमेवरून त्यांचे लग्न अडले होते. पुढे ते झाले. १८४० साली ब्रिटनमध्ये एका पेनीत टपाल जाऊ लागले आणि छापील शुभेच्छापत्रांचा मोठा व्यवसाय उभा राहिला.

अवशेष व स्मृतिदिन

संतांचे मानले जाणारे काही अवशेष पोप ग्रेगरी सोळावे यांनी १८३६ साली आयर्लंडमधील डब्लिनच्या व्हाइटफ्रायर स्ट्रीट चर्चला दिले. रोमच्या सांता मारिया इन कॉस्मेदिन चर्चमध्ये त्यांची म्हणून एक कवटी दाखवली जाते. पुरेशी ऐतिहासिक माहिती नसल्यामुळे १९६९ साली कॅथलिक चर्चच्या सार्वत्रिक दिनदर्शिकेतून त्यांचा सण वगळण्यात आला. हुतात्म्यांच्या अधिकृत यादीत १४ फेब्रुवारीस त्यांचे नाव कायम आहे.