कागदावर उरलेले बाबूराव

आज आपण जिला नॉर्दर्न लाइन म्हणतो ती ट्यूब एजवेअरपर्यंत आली १८ ऑगस्ट १९२४ रोजी. त्याच वर्षी जवळच वेम्बलीला ब्रिटिश एम्पायर एक्झिबिशन भरलं होतं. ताजमहाल आणि जामा मशिदीची आठवण करून देणारा हिंदुस्थानचा भलामोठा मंडप तिथे उभा होता. याच प्रदर्शनात कोल्हापूरच्या एका मूकपटाला पदक मिळालं. चित्रपटाचं नाव 'कल्याण खजिना', आणि तो काढणारे बाबूराव पेंटर.

मंडळी, आपण दर शनिवारी मेथी आणि कढीपत्त्यासाठी वेम्बलीला जातो. कॅनन्स पार्कहून ज्युबिली लाइनने तिसरं स्टेशन. पण आपला एक कोल्हापूरकर शंभर वर्षांपूर्वी तिथे पदक मिळवून गेला, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? त्याच 'कल्याण खजिना'चं पोस्टर आज शिल्लक असलेल्या भारतीय चित्रपट-पोस्टरांमध्ये सर्वांत जुनं मानलं जातं. पोस्टर उरलं, पण चित्रपट मात्र आज बघायला मिळत नाही. मला हा लेख लिहावासा वाटला तो यामुळेच.

मी शिकलो कॉम्प्युटर इंजिनियरिंग, पोटापाण्यासाठी कन्सल्टिंग करतो, आणि छंद म्हणाल तर जुनी मराठी पोस्टर्स आणि सिनेमाच्या चोपड्या जमवणं. याची लागण झाली ती ऑफिसमधल्या एका सहकाऱ्यामुळे. तो साठच्या दशकातल्या सोल संगीताच्या कार्यक्रमांची पोस्टर्स जमवतो. बाल्टिमोरच्या 'ग्लोब' छापखान्याचे ते भडक केशरी-गुलाबी पुठ्ठे विजेच्या खांबाला बांधायचे आणि कार्यक्रम झाला की फेकून द्यायचे. छापखाना २०१० मध्ये बंद पडला, आणि त्याचा साठा तिथल्या कला महाविद्यालयाने जपून ठेवला. ते बघितल्यावर साहजिकच प्रश्न पडला, की आपल्याकडे हे काम कोणी सुरू केलं? शोधत गेलो तर गाडी थेट कोल्हापुरात जाऊन थांबली.

बाबूरावांचं खरं नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जन्म ३ जून १८९०, कोल्हापूर. घरात कारागिरी पिढीजात, वडीलही हरहुन्नरी. बाबूराव आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव यांनी कुठल्या आर्ट स्कूलचं तोंड पाहिलं नाही. हात चालवत चालवत दोघं चित्रकला शिकले आणि नाटक कंपन्यांचे पडदे रंगवू लागले. संगीत नाटकांचा तो बहराचा काळ! केशवराव भोसल्यांच्या 'ललितकलादर्श'सारख्या कंपनीचा पडदा वर गेला, की मागचा रंगवलेला राजवाडा बघूनच प्रेक्षक खूश व्हायचे. धंद्यावरून लोक 'पेंटर' म्हणू लागले आणि तेच आडनाव होऊन बसलं.

१९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि या भावांना सिनेमाने झपाटलं. त्यांनी मुंबईहून जुना प्रोजेक्टर आणला, सिनेमाचे खेळ लावले. पण स्वतःचा चित्रपट काढायचा तर कॅमेरा हवा. त्याच खटाटोपात असताना १९१६ मध्ये आनंदराव गेले. जोडीतला एक हात गळून पडल्यावर दुसरा कोणी असता तर पुन्हा पडद्यांकडे वळला असता. बाबूराव वळले नाहीत. विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून १९१८ मध्ये त्यांनी चालणारा कॅमेरा कोल्हापुरातच जुळवला. स्टॅक ओव्हरफ्लोवर विचारल्याशिवाय ज्यांचं पान हलत नाही अशा आम्हा इंजिनियर लोकांनी इथे कानाला हात लावावा.

भांडवल दिलं तानीबाई कागलकर या गायिकेने. 'महाराष्ट्र फिल्म कंपनी' उभी राहिली आणि १९२० च्या फेब्रुवारीत 'सैरंध्री' पुण्याच्या आर्यन थिएटरमध्ये लागला. फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी स्त्री-भूमिका करायला पुरुष घ्यावे लागले होते. बाबूरावांनी स्त्रियाच घेतल्या. कीचकवधाचं दृश्य इतकं हुबेहूब उतरलं, की त्याला कात्री लागली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. त्यानंतर काही महिन्यांतच लोकमान्य गेले.

पुढचं दशक म्हणजे कामाचा धबधबा. 'सिंहगड' (१९२३) मध्ये रात्रीच्या दृश्यांसाठी त्यांनी कृत्रिम दिवे वापरले. १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये तर देवदेवता आणि राजेराजवाडे सोडून ते थेट कर्जबाजारी शेतकऱ्याच्या झोपडीत शिरले. त्या शेतकऱ्याचं काम केलं होतं व्ही. शांताराम यांनी.

आता पोस्टरांकडे येतो. त्या काळी सिनेमाची जाहिरात म्हणजे प्रामुख्याने मजकूर: खेळाचं नाव, वेळ, तिकिटाचे दर, बस्स. बाबूराव मुळात पडदे रंगवणारे. लांब बसलेल्या माणसालाही कळेल असं चित्र कसं काढायचं, कुठे रंग गडद ठेवायचा, हे त्यांना नाटकाच्या मांडवात उमगलं होतं. तीच विद्या त्यांनी भिंतीवर लावली. 'वत्सलाहरण' (१९२३) आणि 'कल्याण खजिना' या चित्रपटांची पोस्टर्स त्यांनी स्वतः रंगवली. चित्रपटाचा वेशही त्यांचा, सेटही त्यांचा आणि पोस्टरही त्यांचंच, त्यामुळे ते पोस्टर म्हणजे दिग्दर्शकाच्या मनातला चित्रपट जसाच्या तसा. पुढे कित्येक वर्षं बॉलिवूडचे हात-रंगारी ज्या वाटेने गेले, त्या वाटेवरची पहिली पावलं ही.

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर ही हाताखाली तयार झालेली मंडळी बाहेर पडली आणि सीताराम कुलकर्णी यांच्यासह 'प्रभात' स्थापन केली. बाबूरावांची कंपनी पुढे फार काळ तगली नाही. बोलपट आला. त्यांनी 'उषा' केला, १९३६ मध्ये 'सावकारी पाश' पुन्हा बोलता केला, 'प्रतिभा' केला. १९४७ च्या 'लोकशाहीर राम जोशी'च्या दिग्दर्शनात त्यांचं आणि शांतारामांचं नाव पुन्हा एकत्र आलं. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातला हा कलामहर्षी गेला.

शिष्यांचा 'संत तुकाराम' आपण आजही घरी बसून बघू शकतो. गुरूचे 'सैरंध्री', 'सिंहगड', पहिला 'सावकारी पाश' मात्र आपल्याला कधीच दिसणार नाहीत. त्या वेळची नायट्रेट फिल्म भुरकन पेट घ्यायची, नाहीतर डब्यातच सडून जायची. बॅकअप कोणी ठेवलाच नव्हता. जो कागद आठवड्याभरात फाटून जावा म्हणून चिकटवला, तोच मागे राहिला. आणि ज्या चित्रपटाच्या जाहिरातीसाठी तो छापला, तो हरवला. या माणसाचे रंग आणि नजर कशी होती हे कळायला आज मुख्य आधार म्हणजे काही पोस्टर्स, चोपड्या आणि फोटो.

माझ्याकडे त्यांचं अस्सल पोस्टर एकही नाही. असलं काही बाजारात आलं तर त्याने माझ्या कपाटात येऊ नये, पुण्याच्या फिल्म अर्काइव्हमध्ये जावं, असंच मला वाटतं. नवशिक्यांसाठी एक खूण सांगतो. जुनं शिळाछापाचं काम भिंगातून बघितलं तर रंगाचे दाणे ओबडधोबड दिसतात. अलीकडच्या ऑफसेट नकलेत बारीक ठिपक्यांची नेटकी रांगोळी दिसते. इंटरनेटवर अस्सल म्हणून खपवला जाणारा माल बऱ्याचदा त्या रांगोळीपाशीच उघडा पडतो.

असो. आपल्यापैकी अनेकांची गावाकडची घरं सध्या विकली जातायत, पुण्या-मुंबईतल्या इमारती रीडेव्हलपमेंटला जातायत. आपण दोन आठवड्यांच्या सुट्टीत जातो, माळा रिकामा करतो आणि कागद रद्दीत घालतो. पुढच्या वेळी माळ्यावरची ट्रंक रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा उघडून बघा. आजोबांनी जपलेली सिनेमाची चोपडी असेल, नाटकाची जाहिरात असेल. तिला सेलोटेप लावू नका, लॅमिनेट तर मुळीच करू नका. सपाट ठेवा, उन्हापासून दूर ठेवा, आणि ६०० डीपीआयवर स्कॅन करून एखाद्या संग्रहालयाला कळवा. 'कल्याण खजिना'चं पोस्टरही कोणीतरी असंच वेळेवर रद्दीतून बाजूला काढलं असणार. त्या अनामिकाच्या कृपेने बाबूराव आपल्याला एवढे तरी दिसतात.