निजामाच्या पैलवानांशी भिडायला नाशिकचे बाळंभट पुढे आले, आणि त्यातून आजचा मल्लखांब उभा राहिला

वय चाळिशीच्या पुढे गेलंय, पोट थोडं सुटलंय आणि तरीही कुणीतरी हिंमत करून ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या क्लासला नाव घालतं. पहिल्याच दिवशी मॅटवर समोर येतो वीस-बावीस वर्षांचा पोरगा. तो दमाने जास्त, ताकदीने जास्त. दोन मिनिटांत नवख्याची पाठ मॅटला टेकलेली असते.

उशिरा सुरुवात करणाऱ्या जवळपास प्रत्येकाला त्या रात्री एकच प्रश्न पडतो. ताकदीत आपली बरोबरी कधीच होणार नसेल, तर शिकायचं तरी कशाला?

दोनशे वर्षांपूर्वी नाशिकजवळच्या एका तरुणापुढे जवळपास हाच प्रश्न उभा राहिला होता, तोही भर दरबारात. त्याने शोधलेलं उत्तर आज महाराष्ट्रातल्या कितीतरी व्यायामशाळांमध्ये जमिनीत पुरलेलं दिसतं.

त्या तरुणाचं नाव बाळंभटदादा देवधर.

बाळंभट मूळचे कोठुऱ्याचे. हे गाव नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात, गोदावरीच्या काठावर आहे. आज हा तालुका म्हटलं की द्राक्षाच्या बागा आणि लासलगावचा कांदा आठवतो. बाळंभट जन्मले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, पेशवाईच्या उतरत्या काळात.

1796 मध्ये दुसरा बाजीराव पेशव्यांच्या गादीवर बसला. राजकारणात त्याची कीर्ती फारशी चांगली नाही. पण व्यायामाची आणि कुस्तीची त्याला आवड होती आणि पुण्यात तालमींना आश्रय होता. जोर, बैठका आणि मुद्गल यांनी अंग कमावलेले मल्ल दरबारात मान मिळवत होते. बाळंभटही याच दुनियेतले. पेशव्यांच्या दरबारातले व्यायामाचे शिक्षक म्हणून त्यांचं नाव पुढे आलं, ते पुढच्या एका प्रसंगामुळे.

झालं असं की, निजामाच्या हैदराबादेहून दोन पैलवान पुण्यात आले. एकाचं नाव अली, दुसऱ्याचं गुलाब. ठिकठिकाणचे मल्ल चीत करून ते इथवर पोहोचले होते. पेशव्यांच्या दरबारात त्यांनी आव्हान टाकलं, की आमच्याशी लढायला कुणी असेल तर पुढे यावं, नसेल तर जैतपत्र द्यावं.

जैतपत्र म्हणजे विजयाचा लेखी दाखला. ते न लढता देणं म्हणजे पेशव्यांनी आपल्या राज्यात यांच्या तोडीचा मल्ल नाही हे लिहून देण्यासारखं होतं. त्या दोघांचे देह बघून दरबारातले नावाजलेले मल्लही पुढे येईनात.

तेव्हा बाळंभट पुढे आले.

आख्यायिका सांगते की त्यांनी आव्हान स्वीकारलं, पण तयारीसाठी सवड मागून घेतली. गोष्ट सांगताना हा तपशील पटकन मागे पडतो. खरं तर सगळी गंमत इथेच आहे. समोरचा आपल्यापेक्षा दांडगा आहे हे त्यांनी ओळखलं होतं. नेहमीचेच जोर-बैठका आणखी चार दिवस काढून हा फरक भरून निघणार नव्हता. काहीतरी वेगळं शोधायला हवं होतं, आणि त्यासाठी वेळ हवा होता.

तो वेळ घेऊन बाळंभट गेले वणीच्या सप्तशृंगी गडावर. नाशिक जिल्ह्यातल्या लोकांना हा गड सांगायला नको. कड्याच्या कपारीतली अठरा हातांची देवी, खाली दऱ्या आणि गडावर जागोजागी माकडं.

इथे बाळंभटांनी देवीची उपासना केली. पुढे मारुतीने वानराच्या रूपात त्यांना दर्शन दिलं आणि लाकडावर चढायचे, पकडायचे, निसटायचे डाव दाखवले, अशी आख्यायिका मल्लखांबाच्या परंपरेत सांगितली जाते. मल्लखांबाच्या आखाड्यात आजही मारुतीला मान आहे तो यासाठी.

श्रद्धा बाजूला ठेवून बघितलं तरी गोष्टीत एक पक्कं निरीक्षण आहे. माकड आपल्यापेक्षा जाड फांदीशी ताकदीने झुंजत नाही. ते मांड्यांनी आवळतं, अंगाचा पीळ वापरतं, एक पकड सुटायच्या आत दुसरी धरतं. वजनदार पैलवानापुढे उभ्या राहणाऱ्या हलक्या माणसाला नेमकं हेच हवं असतं.

परत आल्यावर कुस्ती झाली. गुलाब हरला. आपल्या जोडीदाराची गत बघून अलीने लढायला नकार दिला. बाळंभटांचं नाव झालं आणि त्यांच्या सरावाच्या त्या लाकडी खांबाचंही.

पण खांबाच्या मदतीने कुस्ती शिकायची कल्पना बाळंभटांनी पहिल्यांदा काढली असं नाही. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातल्या ग्रंथात मल्लांच्या व्यायामात स्तंभाचा उल्लेख येतो. मधल्या काळात ही विद्या मागे पडली होती. तिला पुन्हा उभं करण्याचं आणि त्यातून एक शिस्तबद्ध व्यायामपद्धत घडवण्याचं श्रेय बाळंभटांना दिलं जातं.

मल्लखांब नीट बघितला तर तो एक माणूसच आहे. खालचा जाड भाग म्हणजे अंग. त्याच्या वर निमुळती मान. सगळ्यात वर गोल बोंड, म्हणजे डोकं. खांब सागाचा किंवा शिसवीचा, जमिनीपासून साधारण अडीच मीटरपेक्षा थोडा उंच. त्याला एरंडेल तेल चोळतात, म्हणजे कातडी सोलवटत नाही. शिवाय तेलकट लाकूड घामेजलेल्या पैलवानासारखंच हातातून निसटतं. त्यावर पकड बसली, तर माणसावर बसायला अडचण येत नाही.

मल्लखांबावर सुरुवातीला शिकवतात ती अढी. हातांनी खांब धरून पाय वर टाकायचे आणि मांड्या-पिंडऱ्यांनी खांब असा आवळायचा की हात सोडले तरी शरीर उलटं लटकून राहिलं पाहिजे. मग तेढी, बगली, दसरंग, फिरक्या, सुईदोरा असे एकेक प्रकार येतात.

जिउ-जित्सूच्या मॅटवरही सुरुवातीच्या धड्यांतच गार्ड शिकवतात. खाली पडलेल्या माणसाने वरच्याच्या कमरेला पायांचा विळखा घालायचा आणि त्याला जागचं हलू द्यायचं नाही. खेळ वेगळे आहेत, त्यांचा एकमेकांशी थेट संबंध नाही. पण हातापेक्षा पाय बळकट असतात आणि पायांची पकड आली की दांडगा माणूसही अडकतो, हे दोन्हीकडच्या गुरूंनी हेरलं होतं.

जिउ-जित्सूची गोष्टही थोडी अशीच आहे. जपानमध्ये जिगोरो कानो नावाच्या किरकोळ अंगाच्या तरुणाने जुन्या जुजुत्सूतले डाव पारखून 1882 मध्ये कोदोकान ही ज्युदोची शाळा काढली. तिथेच तयार झालेला मित्सुयो माएदा 1914 मध्ये ब्राझीलला पोहोचला. त्याच्याकडून ही विद्या ग्रेसी घराण्यात गेली. त्या घरातला हेलिओ ग्रेसी अंगाने बारीक होता. जोराऐवजी तरफ आणि संयम यांवर त्याने भर दिला. आज पन्नाशीतला माणूसही पांढरा पट्टा बांधून या खेळात उतरतो, त्यामागे या बारीक माणसांची डोकेबाज मेहनत आहे.

बाळंभटांनी ही वाट त्यांच्या कितीतरी आधी शोधली होती. आणि त्यांच्या वाटेत नवख्यासाठी एक जास्तीची सोय होती.

कुस्ती शिकायला जोडीदार लागतो. तो फार दांडगा असला तर नवखा दुखावतो, फार हलका असला तर काही शिकवत नाही. शिवाय तो दमतो, कंटाळतो. खांब दमत नाही. तो नवख्याला आपटत नाही. शंभर वेळा चुकलं तरी एकशे एकाव्या वेळी तो तिथेच उभा असतो. अर्थात खांब उलट डाव टाकत नाही, म्हणून शेवटी मातीत माणसाशी भिडावंच लागतं. पण तोवर अंग तयार झालेलं असतं.

बाळंभटांवर मात्र पुन्हा एकदा पहिल्यापासून सुरुवात करायची वेळ आली.

1818 मध्ये पेशवाई बुडाली. बाजीराव इंग्रजांना शरण गेला. वर्षाला आठ लाख रुपयांची पेन्शन देऊन इंग्रजांनी त्याला कानपूरजवळ गंगेकाठच्या ब्रह्मावर्तात, म्हणजे बिठूरला पाठवलं. पुण्याच्या दरबारावर पोट असलेल्या शास्त्री, गवई, मल्ल या सगळ्यांचाच आधार एका फटक्यात गेला.

बाळंभटांचं पहिलं तरुणपण तोवर सरलं होतं. कुस्ती जिंकून नाव कमावायचे दिवस मागे पडले होते. ते बाजीरावाबरोबर उत्तरेत गेले आणि तिथे शिकवू लागले. बिठूरच्या वाड्यात वाढलेले नानासाहेब, तात्या टोपे आणि छोटी मनकर्णिका, म्हणजे पुढची झाशीची राणी लक्ष्मीबाई, यांनीही मल्लखांब केला होता असं परंपरेत सांगतात.

काशीतही मल्लखांबाचे आखाडे उभे राहिले. बाळंभटांच्या शिष्यपरंपरेत कोंडभटनाना गोडबोले, दामोदरगुरू मोघे अशी नावं आदराने घेतली जातात. निफाडच्या मातीतून निघालेली विद्या गंगेकाठी रुजली आणि पुढे शिष्यांच्या हातून पुन्हा महाराष्ट्रात पसरली. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांच्या संपादनाखाली निघालेल्या व्यायाम ज्ञानकोशात तिची नीट नोंद झाली.

1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली, त्यात मल्लखांबही होता. 2013 मध्ये मध्य प्रदेशने मल्लखांबाला राज्याचा खेळ केलं. 2019 मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली आणि परदेशी मुलं-मुली त्याच बोंडावर तोल सांभाळताना दिसली.

आता मल्लखांब हा बघण्याचा खेळ झालाय. रील्सवर दिसतात त्या चपळ पोरांच्या कसरती आणि चाळिशीतला माणूस ते बघून आपल्या बसची ही गोष्ट नाही म्हणत पुढे सरकतो. पण हा खांब उभा राहिला तो कसरतीसाठी नाही. आपल्यापेक्षा दांडग्याशी झुंजायचंय, आणि त्याआधी निवांत सराव करायला कुणीतरी हवंय, अशा माणसासाठी तो उभा राहिला.

म्हणून मॅटवर पहिल्या दिवशी पाठ टेकली तर लाज वाटायचं कारण नाही. पेशव्यांच्या दरबारात मोठमोठे मल्ल मान खाली घालून बसले होते, तेव्हा कोठुऱ्याचे बाळंभट पुढे आले. पण तेही लगेच लढले नाहीत. आधी शिकून आले.